बैलांच्या रांगेतली जीप

किन्हीराजाच्या फाट्यावरून आत वळलं की जे पहिलं गाव लागतं, तिथल्या बाबूलालला दोनच गोष्टी मनापासून येत. एक जीप चालवणं आणि दुसरी राग धरणं. जीप त्याला बापाने शिकवली, राग उपजत होता. चारचौघांचा राग कढीसारखा असतो, उतू गेला की संपला. बाबूलाल मात्र राग बरणीत घालून तोंडाला फडकं बांधणारा माणूस. त्याची बायको बेबीबाई म्हणायची, ह्यांना पाळण्यात कोणी चिमटा काढला असेल तर त्याचं नावही ह्यांना ठाऊक असेल.

जीप म्हणजे जुन्या काळातली पेट्रोलवरची, समोरची काच दुमडून बॉनेटवर पाडता येणारी. बापाने घेतली तेव्हा बाबूलालला मिसरूड फुटत होतं. पुढे बरीच वर्षं मालेगाव ते किन्हीराजा सवारी वाहण्यात गेली. आत किती माणसं बसली हे कधी कोणी मोजलं नाही आणि टपावरच्या बोकडांना कोणी विचारलं नाही. मग गावोगावी ऑटो आले, पोरांच्या हातात मोटारसायकली आल्या आणि सवारी आटली. अशा वेळी शहाणा माणूस जीप भंगारात घालतो आणि बैल ठेवतो. बाबूलालने बैल विकले आणि जीप ठेवली. वावराची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरवर, आणि रिकाम्या गोठ्यात दावणीच्या जागी जीप. गावाने त्याला वेड्यात काढलं, आणि ते त्याने बरणीत घातलं.

पण खरी बरणी भरली ती रंजीताच्या लग्नात.

रंजीता त्याची एकुलती एक. तिला दिलं इंझोरीला. लेक आपल्या जीपमधूनच सासरच्या वाटेला लागणार, फाट्यापर्यंत आपण स्वतः सोडणार आणि मग तिथून पुढे पाहुण्यांची गाडी, असं बाबूलालने सुपारी फुटली त्याच दिवशी ठरवलं होतं. जीपला झेंडूच्या माळा लावल्या, आरसे पुसले. मे महिना, भर दुपार. पुढे बँडवाले, बँडपुढे नाचणारी पोरं, आणि मागे पावला-पावलाने सरकणारी जीप. मालेगावच्या सडकेवर कधी न रुसलेली ती जीप नेमकी रामरावच्या फाटकासमोर दोन आचके देऊन गप्प झाली.

रामराव म्हणजे गावचा मानकरी. पोळ्याला मानाची जोडी त्याच्या घरची, तोरण त्याच्या जोडीशिवाय तुटत नाही. माणूस वाईट नव्हता, असं गावात आजही म्हणतात. अडल्या-नडल्याला तो धावून जाई. पण धावून गेल्यावर तिथे दहा माणसं हसली नाहीत तर त्याला मदत केल्यासारखं वाटत नसे. चांगला विनोद हाती लागला तर त्याने सख्ख्या भावालाही सोडलं नसतं.

बाबूलालने बॉनेट उघडलं. प्लग काढून पुसले, पॉइंटला पॉलिश कागद मारला, पेट्रोलच्या नळीला तोंड लावून ओढलं आणि खोकत बसला. त्याला चालवता येई. आत काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे लोक त्याला मोठा मिस्त्री म्हणायला लागले. त्या दिवशी तो मिस्त्री नव्हता, घामाने निथळणारा नवरीचा बाप होता.

तेवढ्यात रामरावने आपली जोडी आणवली. दोर बांधला. इथपर्यंत ठीक होतं. मग त्याने जीपवरच्या झेंडूच्या माळा उतरवल्या आणि बैलांच्या शिंगांना बांधल्या. बँडवाल्यांना म्हणाला, थांबले काहून, वाजवा. आणि बैलांपुढे उभा राहून त्याने झडती म्हटली. झडती म्हणजे आमच्याकडे पोळ्याला बैलांच्या रांगेत एकमेकांची उणीदुणी काढायला म्हणतात तो दोन ओळींचा बाण. लग्नात कोणी म्हणत नाही. रामरावने म्हटली.

"बाबूलालची जीप भारी, नवरी बसली आत, पेट्रोल पेलं जीपनं, अन् बैलानं ओढली वरात. हर बोला हर हर महादेव."

गाव हसलं. वऱ्हाडी हसले. नवरदेवसुद्धा तोंड फिरवून हसला. रंजीता आत हनुवटीपर्यंत पदर ओढून बसली होती. बैल जीपला ओढत फाट्यापर्यंत गेले आणि बाबूलाल स्टेअरिंगवर हात ठेवून, काही चालवत नसताना, चालवल्यासारखा बसून राहिला. लेकी पाहुण्यांच्या गाडीत बसताना बापाच्या गळ्यात पडून रडतात तशी ती रडलीही नाही. नुसती वाकून पाया पडली आणि गेली.

सासरी तिचं नाव पडलं 'ओढून आणलेली'. आधी नणंदेने म्हटलं, मग जावांनी, मग गल्लीने. चहात साखर कमी पडली तरी ओढून आणलेली, आणि लेकरू व्हायला उशीर झाला तरी ओढून आणलेली. रंजीता माहेरी आली की हे सांगत नसे. बेबीबाईने एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. बाबूलाल तेव्हा अंगणात दाढी करत होता. त्याने अर्धी दाढी तशीच ठेवून वस्तरा धुतला आणि गोठ्यात जाऊन जीपजवळ उभा राहिला. आपल्या लेकीचं हे नाव पुसायचं आणि ज्याने ते पाडलं त्याला त्याच गावात, तेवढ्याच माणसांसमोर मान खाली घालायला लावायची, एवढं एकच काम आपल्या आयुष्यात उरलंय, असं त्याने तिथे ठरवलं. आणि ते काम ह्याच जीपने करायचं. दुसऱ्या कोणाचा पाना तिला लागू द्यायचा नाही. उद्या रामराव म्हणायला नको, की बाबूलालची जीप मालेगावच्या मिस्त्रीने उठवली.

मग तो रिसोडला कैलासचंद शेठकडे गेला. कैलासचंदचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. नवं ठेवण्यापेक्षा जुनं न टाकण्यावर ते चालायचं. बाबूलालने वरातीची सगळी हकीकत सांगितली, झडती तेवढी गाळून. कैलासचंद सुपारी कातरत ऐकत होता. म्हणाला, भर उन्हात गाडी माणसाच्या चालीनं चालवली, इंजिन तापलं, पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली. वाफ झाली की पंप ओढत नाही. थोडं थांबून पंपावर वल्लं फडकं टाकलं असतं तर पाच मिनिटांत चालू.

बाबूलाल काही न घेताच दुकानातून उठला. रामरावच्या फाटकापाशी, जीपच्या चाकाला लागूनच, वऱ्हाडासाठी पाण्याचा रांजण मांडला होता. त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. ते त्याला एसटीत बसल्यापासून घरी उतरेपर्यंत दिसत राहिलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चूक आपली, त्या माणसाला कशाला बोल लावायचा. बाबूलालने तोही राग रामरावच्याच नावावर चढवला. ज्याच्या फाटकापुढे रांजण होता त्याला काय एक फडकं टाकायला सुचलं नसतं, म्हणे.

त्यानंतर गोठ्यात जे सुरू झालं त्याला बेबीबाई 'सोवळं' म्हणायची, कारण त्या वेळी घरातल्या कोणाला शिवायची सोय नसे. सोयाबीनची पेरणी, कापणी, हरभरा, यातून जो वेळ उरेल तो जीपचा. बाबूलाल मोबाइलवर पाहून शिकला, कैलासचंदला फोन करून शिकला, आणि सगळ्यांत जास्त चुकून शिकला. पहिल्यांदा त्याने प्लगच्या वायरी सरळ एक-दोन-तीन-चार अशा लावल्या. जीपने धाडकन ठसका दिला आणि कार्बोरेटरमधून निघालेल्या भडक्याने त्याची डावी मिशी नेली. खरा क्रम एक-तीन-चार-दोन. तो त्याने असा पाठ केला की देवापुढे हात जोडले तरी तोंडात तेच यायचं. मिशी येईपर्यंत तो गावात उपरणं तोंडावर घेऊन हिंडला.

गोठ्याच्या मयालीला, म्हणजे छताच्या जाड तुळईला, चैनकुप्पी अडकवून त्याने इंजिन उचललं. मयाल करकरली, बेबीबाई दारात राम राम म्हणत उभी राहिली. हेड उतरवलं. रिंगा घासून बारीक झाल्या होत्या, त्या बदलल्या. व्हॉल्व्ह पेस्ट लावून बसवायचे होते. त्यासाठी काडीला रबरी टोपी लावून ती दोन्ही तळहातांत रवीसारखी फिरवायची, तासन्‌ तास. बाबूलालला ते काम फार आवडलं. फिरवताना तो दात खायचा, आणि त्या दातांमध्ये कोण आहे हे बेबीबाईला माहीत होतं. पेट्रोलचा जुना पंप इंजिनाला चिकटून होता, तोच वरातीत तापला होता. तो काढून त्याने मागे टाकीजवळ चासीला बॅटरीवरचा पंप बसवला, म्हणजे पेट्रोल आता ओढलं जाणार नव्हतं, ढकललं जाणार होतं. नळी सायलेन्सरपासून लांब नेली आणि मध्ये तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा आडोसा दिला. डायनामो काढून अल्टरनेटर घातला. रेडिएटर आतून खरवडून धुतला. मग मे महिन्यात, बरोबर तशाच उन्हात, एकटाच जीप घेऊन निघाला आणि रामरावच्या फाटकासमोर ती चालू ठेवून उभी करून बिडी ओढली. बिडी संपली, दुसरी ओढली. जीप हूं की चूं न करता गुरगुरत राहिली. रामराव ओसरीवर बसला होता. म्हणाला, "काय बाबूलाल, आज बैल नाही आणले?"

बाबूलाल घरी आला तो जेवला नाही. जीप चालती झाली म्हणजे काही झालं नाही, हे त्याला कळलं. रामरावची ती झडती तर दर पोळ्याला होतच होती. आता तर लहान लेकरांनाही पाठ झाली होती.

त्या वर्षी तो जीपलाच पोळ्याला घेऊन गेला. गावात नुकतेच ट्रॅक्टरही पोळ्यात उभे राहायला लागले होते. तेव्हा त्याने बॉनेटला बेगड चिकटवली, घंट्या बांधल्या, टपावर जुनी झूल टाकली आणि आखरावर, म्हणजे गावाकडेच्या गुरं जमण्याच्या मैदानावर, बैलांच्या रांगेच्या शेवटी जीप लावली. त्याच्या मनात हिशेब होता. रांगेत उभी राहिलेली जोडी तोरणाखालून निघाली की आधी मानकऱ्याच्या दारी जाते, आणि मानकरी स्वतःच्या हाताने बैलाचे पाय धुतो, त्याची बायको ललिताबाई ओवाळते, बोजारा म्हणून बैलवाल्याच्या हातावर काहीतरी ठेवते. गावातल्या हरेक बैलाचे पाय आपण आपल्या हाताने धुतो, ह्याचा रामरावला भारी अभिमान.

रामरावने जीप पाहिली आणि हसून हात हलवला. ट्रॅक्टर मातीत राबतो, म्हणून तो बैल. जीप माणसं वाहते, ती बैल नाही. आणि ट्रॅक्टरवाल्यांनाही त्याने सुनावलं, की बैल म्हणून उभं राहता तर बैलाचा नेम पाळा. आजच्या दिवशी बैलाला जुपत नाहीत, तसं आज कोणाचा ट्रॅक्टरही कशाला जुपायचा नाही. सगळ्यांनी मान डोलावली. बाबूलालने जीप मागे घेतली आणि आखराबाहेर लिंबाखाली लावली. पाठीमागून झडती ऐकू आली. नवं कडवं जोडलं होतं.

रंजीता म्हणायची, जाऊ द्या बाबा. फोनवर म्हणायची, आली की म्हणायची. जाऊ द्या, मले सवय झाली. हे 'सवय झाली' ऐकलं की बाबूलाल उठून गोठ्यात जायचा.

ह्याच सुमारास रामरावने मोठी पांढरी गाडी घेतली, वर काच, खाली चकचकीत चाकं. गाव कौतुकाला जमलं. बाबूलालही गेला, वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं आणि खुशीत परत आला. गाडी उंच होती, भारी होती, पण पुढच्या चाकांना जोर नव्हता आणि टायर सडकेचे होते. आमची काळी माती पावसात काय करते हे गाडीच्या कंपनीला नाही तरी बाबूलालला ठाऊक होतं. ही गाडी एक दिवस शेतांमधल्या कच्च्या पांदणीत बसणार. त्या दिवशी तिला काढायला काय असेल? त्या दिवशी तिला काढायला बाबूलालची जीप असेल, आणि ती रामरावच्या गाडीला, आत रामराव बसलेला असताना, बँडच्या तालावर गावातून ओढत नेईल.

जीपला पूर्वी चारही चाकांचा जोर होता. सवारीच्या काळात पेट्रोल वाचवायला बापाने पुढचा शाफ्ट काढून विकला होता. बाबूलालने अकोल्याच्या भंगार बाजारात चकरा मारून तसाच शाफ्ट शोधला, त्याचे क्रॉस बदलले, पुढच्या चाकांच्या हाउसिंगमधली सुकलेली ग्रीस खरवडून काढली आणि पुढच्या चाकांना जोर देणारा जाम झालेला लिव्हर केरोसीन पाजून पाजून मोकळा केला. मागे हूक जोडला, बैलगाडी टांगली तरी वाकणार नाही असा. खोल नक्षीचे टायर घातले. आणि मग तो पावसाळ्यांची वाट पाहू लागला. बेबीबाई म्हणायची, लोकं लेकरासाठी नवस करतात, तुमी रामरावची गाडी फसावी म्हणून करून राह्यले. नवस खरंच केला होता. फक्त तिला माहीत नव्हतं.

एक पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्यात रामराव गाडी सडकेखाली उतरवेचना. तिसऱ्यात पोळ्याच्या आदल्या दोन्ही दिवशी झड लागली, आणि पोळ्याच्या दिवशी ऊन पडलं.

रंजीता त्या वर्षी पोळ्याला माहेरी होती. आखर भरला होता. बैलांना रंग, शिंगांना बेगड, रांगेच्या टोकाला चार ट्रॅक्टर हार घालून. तोरण बांधलेलं. मानाची जोडीही आली, डोक्यावर मखर मिरवत. फक्त मानकरी नव्हता. रामरावने धाकट्या लेकीचं लग्न नुकतंच वाशीमला लावून दिलं होतं; व्याही आणि विहीणबाई आपला पोळा पाहायला येणार म्हणून तो स्वतः गाडी घेऊन फाट्यावर गेला होता. बाबूलाल जीप घेऊन नेहमीप्रमाणे आखराबाहेर लिंबाखाली होता. शेजारच्या सीटवर रंजीता बसली होती.

तेवढ्यात रामरावचा सालदार हेमसिंग गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून पळत आला. मालकाने व्याह्यांना आपलं सोयाबीन दाखवायचं म्हणून गाडी पांदणीने घातली होती. नाल्याच्या अलीकडे ती पोटापर्यंत बसली. चाकं फिरली तसतशी आणखी खाली गेली. विहीणबाई नव्या लुगड्यानिशी आत बसल्या आहेत.

बैल आखरावर उभे होते, पण पोळ्याच्या दिवशी कोणी जू उचलत नाही. ट्रॅक्टर उभे होते, पण त्यांनाही नेम. आणि नेम कोणाचा होता, हे सगळ्यांना आठवत होतं. आखरावरची माणसं एक-एक करून लिंबाकडे पाहू लागली.

बाबूलालने किल्ली फिरवली. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं हातात येऊन पडलं की माणसाला धड आनंदही होत नाही. रंजीता म्हणाली, मी पण येते. बँडवाले म्हणाले, आमी पण. मागे अर्धं गाव.

पांदणीत त्याने लिव्हर पुढे टाकला, चारही चाकं मातीत रुतली आणि उठली, आणि जीप डुलत डुलत, न थांबता, रामरावच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. रामराव पायजमा वर खोचून चिखलात उभा होता. काचेआड व्याही-विहीण. मागे जमलेल्यांत एक जण पुटपुटत नवी झडती जुळवायला लागला होता, आणि त्यातला 'पांढरी गाडी' हा शब्द रामरावच्या कानावर पडला.

"बाबूलाल, दोर बांध बापा," रामराव म्हणाला. "सडकेपर्यंत काढून दे. गावातून नको नेऊ."

बाबूलाल खाली उतरला. दोर त्याच्या खांद्यावर होता. त्याने तो हुकाला लावला नाही.

"आधी एक सांगा, रामरावभाऊ. माही जीप बैल हाय का नाही?"

रामराव हुशार माणूस. त्याने झटक्यात मनाशी तोललं. बैल नाही म्हणावं, तर हा आपल्याला गावातून ओढत नेणार, व्याह्यांसमोर, बँड लावून, आणि झडती पोरा-सोरांच्या तोंडी राहणार. त्यापेक्षा ह्याला जे हवंय ते द्यावं, खूश होईल आणि गुपचूप सडकेला लावून देईल. रामरावला वाटलं, एवढ्या स्वस्तात सुटतोय.

"हाय," तो मोठ्याने म्हणाला. "बैलच हाय. कोण म्हणते नाही? आजपासून रांगेत उभी कर. मी मानकरी सांगून राह्यलो. आता बांध दोर."

बाबूलालने दोर खांद्यावरून काढून पुन्हा जीपमध्ये टाकला.

"मंग आज नाही जुपता येत," तो म्हणाला. "पोळा हाय. नेम तुमचाच."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही, आणि मग सगळ्यांना एकदम कळलं. पण हसलं कोणी नाही, कारण रामरावचा चेहरा पाहून हसू आलं नाही. गाडीचं दार उघडून व्याही बाहेर आले. वाशीमला राहत असले तरी शेतकरी माणूस. त्यांनी जोडे हातात घेतले, विहीणबाईंना उतरवलं आणि रामरावला म्हणाले, नेम म्हंजे नेम, चला पायी. आणि मानकरी, व्याही, विहीणबाई असे तिघं चिखल तुडवत निघाले, पुढे मोकळी जीप, तिला काहीही न बांधलेलं. मागचा हूक रिकामाच हेलकावे खात होता. बाबूलालला त्याचं वाईट वाटलं. एवढा मजबूत हूक, आणि त्याला आज काही टांगता आलं नाही.

आखरावर जीप रांगेत उभी राहिली. तोरण तुटलं, पोळा फुटला, मानाची जोडी पुढे, मागे बाकीच्या जोड्या, त्यामागे ट्रॅक्टर, आणि सगळ्यांच्या शेवटी जीप. वाटेत झडत्या झाल्या. जुनी झडती कोणीच म्हटली नाही.

रामरावच्या दारी नेहमीचा घोळका. ओट्यावर व्याही-विहीण पाय धुऊन बसलेले. रामरावने बैलांचे पाय धुतले, ट्रॅक्टरांच्या चाकांवर पाणी शिंपडलं. जीप आली तेव्हा तो उठू लागला होता. मग त्याला आठवलं की हाही बैलच. ललिताबाईने तांब्या त्याच्या हातात दिला. त्याने उजव्या चाकावर धार धरली. चाकाला पांदणीची माती थापून बसली होती, त्याच्याच शेताच्या कडेची, आणि ती पाण्याने जाईना. बोटांनी खरवडावी लागली. ओट्यावर विहीणबाई पाहत होत्या. फाटकापाशी लेकरं पाहत होती. रामराव दुसऱ्या बाजूला गेला आणि डाव्या चाकाशी बसला.

बाबूलाल स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याला वाटलं होतं, ह्या क्षणी आपल्याला काय काय वाटेल. वाटलं ते फक्त पोट भरल्यासारखं, जास्त जेवल्यावर वाटतं तसं. झालं. दोन चाकं पुष्कळ झाली. दाराशी म्हातारा होत चाललेला एक माणूस चिखल खरवडत होता, आणि त्याच्या नखांत काळी माती भरली होती. बाबूलालने हळूच क्लचवर पाय ठेवला.

रंजीताने हात पुढे करून किल्ली बंद केली.

"बैलाले चार पाय असते, काका," ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. बाबूलालने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जाऊ द्या बाबा म्हणणारी ही नव्हतीच. ओट्यावरून कोणीतरी म्हणालं, असू दे वं बाई, झालं आता. ती रामरावकडेच पाहत राहिली.

"मी सासरी रोज आयकते," ती म्हणाली. "रोज. तुमाले चारच चाकं धुवाची हायेत."

ललिताबाई आत गेली आणि दुसरी बादली भरून घेऊन आली. ती तिने नवऱ्याजवळ ठेवली आणि त्याच्याकडे न पाहता बाजूला उभी राहिली. रामराव गुडघ्यावर हात टेकून उठला, जीपच्या मागच्या बाजूला गेला आणि तिसऱ्या चाकाशी खाली बसला. रंजीता सीटवर मागे वळून बसली, म्हणजे तिला नीट दिसावं. बाबूलालने क्लचवरचा पाय काढून घेतला.

चौथं चाक पूर्ण धुऊन होईपर्यंत तिने किल्ली बापाच्या हातात दिली नाही.